पाठीचा हिशेब: ठाण्यातल्या एका रिदमिक जिम्नॅस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या मुलीला मी सई म्हणणार आहे. नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घडलेला क्रम मात्र तसाच ठेवला आहे. सईच्या आईवडिलांनी हा मजकूर वाचला. सईनेही वाचला आणि एका ठिकाणी माझी चूक दुरुस्त केली. ती पुढे येईलच.

मी ठाण्यात चौदा वर्षं रिदमिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजे रिबन, चेंडू अशी साधनं हातात घेऊन संगीतावर करायची जिम्नॅस्टिक्स, शिकवते. या शहराला या खेळाची गोडी आहे. संयुक्ता काळे इथूनच जाऊन खेलो इंडियात सुवर्णपदकं जिंकून आली. आमच्याकडे नाव घालायला येणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलींना रिबन दिसते, चेंडू दिसतो, चमचमणारा पोशाख दिसतो. पालकांना याखेरीज दहावीचे वाढीव क्रीडागुणही दिसतात. त्यात गैर काही नाही, पण मुलगी सहावीत असल्यापासून घरात तो हिशेब सुरू झालेला असतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

आमचा वर्ग एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी पाच ते साडेसात भरतो. स्पर्धेचं मैदान १३ बाय १३ मीटर असतं. आम्हाला त्याच्या निम्मी जागा मिळते. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर फोमच्या पातळ चटया आणि वर रोज उलगडून अंथरायचं कार्पेट. उडीनंतरचा दणका शोषून घेणारी स्प्रिंगची जमीन आमच्याकडे नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक वर्गांकडेही नाही.

सई साडेसहा वर्षांची असताना आली आणि पहिल्याच दिवशी पूर्ण स्प्लिटमध्ये, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून, बसली. अंगठा मनगटाकडे दुमडला की थेट हाताला टेकायचा. कोपर सरळ केलं की किंचित उलट्या बाजूला वाकायचं. अशी मुलगी आली की प्रशिक्षकाला आनंद होतो, मलाही झाला. आज अशा मुलीकडे बघताना मला आधी काळजी वाटते. सांधे उपजत सैल असले की त्यांना धरून ठेवणारं बळ इतर मुलींपेक्षा जास्त कमवावं लागतं. मी मात्र चार वर्षं तिची लवचिकताच वाढवत राहिले, कारण टाळ्या तिलाच मिळायच्या.

अकराव्या वर्षी तिचा आठवडा असा होता: माझ्याकडे पाच दिवस, रोज अडीच तास. रविवारी निवड स्पर्धेसाठी जादा तीन तास. याशिवाय नौपाड्यात भरतनाट्यम, आठवड्यातून दोनदा एकेक तास. एकूण साडेसतरा तास. मुलांनी आठवड्यात आपल्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास संघटित सराव करू नये, असा एक साधा ठोकताळा क्रीडावैद्यकात वापरतात. सईच्या बाबतीत ती मर्यादा अकरा तासांची होती. मला माझे साडेपंधरा तास माहीत होते, नृत्याच्या गुरूंना त्यांचे दोन. बेरीज कोणीच केली नव्हती. आईला वाटायचं टीचर बघतायत, आणि मला वाटायचं आई बघतेय.

अडचण कशी वाढत गेली

त्या वर्षी मी पहिल्यांदाच पाच जणींचा गट बसवत होते. गटाचा प्रकार दिसायला सुंदर आणि शिकवायला फार कठीण असतो. अडीच मिनिटांत पाच मुली, हवेतून एकमेकींकडे जाणारी साधनं आणि कोणाचंही पाऊल अर्धा ठोका चुकलं तर सगळं विस्कटतं. सई गटाच्या मध्यभागी होती. सहावी, म्हणजे राखीव मुलगी मी घेतलीच नव्हती. जागा अपुरी, वेळ अपुरा, आणि सहाव्या मुलीच्या पालकांना 'ती राखीव आहे' हे सांगणं अवघड. जूनमध्ये एका सरावाला दोघी गैरहजर राहिल्या तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "एक जण गळली की पाचही जणी गळतात, लक्षात ठेवा." सईने ते लक्षात ठेवलं.

जुलैत मला जाणवलं की तिचं स्प्लिट आखडलंय. पूर्वी अलगद टेकणारी मांडी जमिनीपासून दोन बोटं वर राहायला लागली. जूनमध्ये शिवलेला लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोशाख) ऑगस्टअखेर खांद्याला काचायला लागला होता, आणि तिची आई हसत म्हणाली होती, "पोरगी वेलीसारखी वाढतेय." दोन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या. मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, म्हणून त्या काळात लवचिक मुलगीही ताठरते आणि हाडांवर ओढ वाढते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी समोर सई आली तेव्हा मी म्हणाले, "स्ट्रेचिंग कमी पडतंय तुझं." आणि ओव्हरस्प्लिटसाठी, म्हणजे पाय सरळ रेषेच्याही पलीकडे ताणण्यासाठी, तिची टाच खुर्चीवर ठेवून मी वरून कंबर दाबली.

या प्रकरणात वळणं अनेक आहेत, पण माझ्या लेखी पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. शरीर वाढीमुळे आखडलं होतं आणि मी ते आळसाच्या खात्यावर लिहिलं.

मी आधी इथे लिहिलं होतं की पाठ दुखते असं सई मला पहिल्यांदा ऑगस्टमध्ये म्हणाली. मजकूर वाचून ती म्हणाली, "नाही टीचर, गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आज सगळ्यांच्याच पाठी दुखतायत." मला ते आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही. ऑगस्टमधलं मात्र आठवतं. मी विचारलं, "किती दुखतंय?" तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या चौघींकडे, आणि म्हणाली, "थोडंसंच."

गौरी-गणपतीला ती चिपळूणजवळच्या गावी गेली. तिथे दुखणं थांबलं. परत आल्यावर आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या सरावाला ते पुन्हा सुरू झालं. विश्रांतीत जाणारं आणि सरावासोबत परतणारं दुखणं हाडाकडे बोट दाखवत असतं. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की गावची हवा मानवली.

शेवटी बोलल्या त्या सईच्या आजी. त्या रोज तिला घ्यायला यायच्या आणि फाटकापाशी बसायच्या. एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो टीचर, पोरगी दात घासताना भिंतीला टेकते. मोजे घालायला खाली बसते. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळते, मग हात टेकून उठते. माझ्या वयाला हे शोभतं, तिच्या नाही."

निदान

घरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे स्वच्छ आला. दुसरं वळण इथे आलं. अहवाल हातात आल्यावर वडिलांनी मला फोन केला, "काही नाहीये, टीचर." आणि मी तिला दुसऱ्या दिवसापासून सरावात घेतलं. दोन आठवडे त्यात गेले. हाडावरचा असा ताण सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंतर आजींच्या आग्रहाने एका क्रीडा फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी सईला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर जमलं. डाव्या पायावर वाकताच तिने ओठ चावला. त्यांनी लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्याच्या डाव्या बाजूला हाडात सूज दिसली.

फिजिओंनी आम्हाला ते असं समजावलं. मणक्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना हाडाचा एकेक अरुंद पूल असतो. कंबर मागे वाकली की तो चिमटीत सापडतो. अधूनमधून सापडला तर काही बिघडत नाही. रोज शेकडो वेळा सापडला आणि भरून यायला सवडच मिळाली नाही, तर हाड थकतं. आधी आतून सुजतं, मग बारीक चीर जाते. त्या चिरेला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. दोन्ही बाजूंना चीर गेली तर मणका पुढे सरकण्याचाही धोका असतो. सईची एकच बाजू होती, तीही चीर पडण्याआधीची. लवकर थांबलं तर अशी हाडं चांगली भरून येतात.

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं तेव्हा कळलं की शाळेचा डबा बारा वाजता, त्यानंतर पाच वाजेपर्यंत चार बिस्किटं, आणि रात्रीचं जेवण नऊला. मुलींना मी सांगत असे, 'सरावाला येताना हलकं खाऊन या.' सईने त्याचा अर्थ 'खाऊ नका' असा घेतला होता.

समोर असलेले पर्याय

निवड स्पर्धेला पाच आठवडे होते. सईच्या घोडबंदर रोडच्या घरी आम्ही रात्री नऊनंतर बसलो, कारण तिची आई सीएसएमटीहून लोकलने त्याआधी घरी पोचत नाही.

वडिलांचा प्रश्न सरळ होता: गोळ्या घेऊन पाच आठवडे निभावता येतील का? ते निष्ठुर नाहीत. त्यांनी चार वर्षं ओव्हरटाइम करून तिची साधनं आणि पोशाख घेतले होते. पण गोळीने दुखणं दबतं, ताण तसाच राहतो. आणि दुखणं हीच त्या हाडाची एकमेव बोली होती. हा पर्याय डॉक्टरांनी आधीच फेटाळला होता. मी तो घरात पुन्हा एकदा फेटाळला.

एका नातेवाइकांनी हाड बसवून देणाऱ्या माणसाचं नाव सुचवलं होतं. आजींनीच त्याला उत्तर दिलं, "निखळलंय का ते, बसवायला?" एका ओळखीच्या प्रशिक्षकांचा निरोप आला होता की आणखी स्ट्रेच केलं की पाठ मोकळी होईल. तो निरोप मी कोणाला वाचून दाखवला नाही.

मला स्वतःला मोह झाला तो मधल्या वाटेचा. मागे वाकण्याच्या सगळ्या हालचाली काढून टाकायच्या, उड्या लहान करायच्या आणि तिला गटात ठेवायचं. कागदावर ते छान दिसत होतं. मी रचना बदलून वहीत लिहूनही आणली होती. ती वही बंद केली त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे फरशीवर उडी छोटी असली तरी दणका कमरेपर्यंत जातोच. दुसरं, संगीत सुरू झालं की अकरा वर्षांची मुलगी नवीन सौम्य रचना करत नाही, अंगात मुरलेली जुनीच करते.

चौथा पर्याय खेळ सोडण्याचा, आईच्या मनातला. तो तिने एकदाच बोलून दाखवला.

तासभर आम्ही चौघं मोठी माणसं बोलत होतो आणि सई आतल्या खोलीत होती. आजी उठल्या आणि तिला हाताला धरून घेऊन आल्या. "तिला विचारा की." सईने पाठीबद्दल काही विचारलंच नाही. तिने विचारलं, "मी नसले तर त्या चौघी पण बाद ना?"

तेव्हा मला कळलं की ती दोन महिने कशासाठी गप्प होती. आम्ही ज्याला सहनशक्ती म्हणून वाखाणत होतो, ते चार मैत्रिणींचं ओझं होतं, आणि ते मी तिच्या पाठीवर ठेवलं होतं.

निर्णय झाला तो पूर्ण थांबण्याचा, बारा आठवडे. गटाने त्या वर्षी उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी चौघींना गोल बसवून मी सांगितलं की गट सईमुळे बाद झालेला नाही. राखीव मुलगी न घेण्याचा निर्णय माझा होता.

काय केलं

पहिला आठवडा मी चुकवला. 'येऊन बस, बघ' असं सांगून तिला बाकावर बसवलं. तिसऱ्या दिवशी ती रडली आणि चौथ्या दिवशी आलीच नाही. जिचं पूर्ण विश्व हा वर्ग आहे तिला प्रेक्षक करणं ही शिक्षाच असते. मग फिजिओंना विचारून काम शोधलं. खुर्चीवर बसून रिबनची सर्पिलं आणि लाटा. चेंडू एका हाताच्या बोटांपासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत घरंगळवणं. मनगटावर क्लब्जची, म्हणजे छोट्या मुद्गलांसारख्या साधनांची, छोटी वर्तुळं. तिचं साधनांवरचं काम कच्चंच होतं, कारण अंगाच्या जोरावर ती ते लपवायची. त्या तीन महिन्यांत ते पक्कं झालं.

फिजिओथेरपीत पोटाचे खोल स्नायू, कुशीवरचा प्लँक, कुल्ल्यांचं बळ आणि मांडीच्या पुढच्या आखडलेल्या स्नायूंना हळूहळू सैल करणं, एवढंच होतं. कंटाळवाणं, पण आजी समोर बसून मोजायच्या. शाळा सुटल्यावर नाचणीची भाकरी किंवा थालीपीठ आणि दही ठरलं. ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी दिलं.

या काळात मी एक काम केलं जे वर्षानुवर्षं करायला हवं होतं. पालकांसाठी काढलेला एका सरावाचा व्हिडिओ लावून, वही घेऊन, सईची पाठ किती वेळा मागे वाकली ते मोजलं. हातपाय टेकून केलेली कमान, त्याच कमानीतून पलटी घेणारा वॉकओव्हर, पाय मागून डोक्याकडे नेणारी रिंगची उडी, मागे धरलेला पाय, सगळं धरून एकशे बारा. एका संध्याकाळचे. आणि त्यातले बरेचसे गटाच्या रचनेत नव्हतेच. निव्वळ सवयीने चालत आलेले. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत लवचिकतेचा वेगळा गट होता. २०१३ पासून शरीराच्या कठीण हालचालींचे उडी, तोल आणि फिरकी असे तीनच गट राहिले. माझी सराव घेण्याची पद्धत मात्र मी खेळत होते त्या काळातच थांबली होती.

बारा आठवड्यांनी दुखणं पूर्ण थांबलं होतं, एका पायावरची चाचणीही न दुखता जमत होती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पायऱ्या ठरवल्या. आधी दोन आठवडे फक्त तोल आणि फिरक्या. मग लहान उड्या, त्याही दुहेरी चटईवर. मागे वाकणं सगळ्यात शेवटी, एका सरावात दहापासून सुरुवात करून. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर धरली तर एक पायरी खाली. दोनदा खाली यावं लागलं. दोन्ही वेळा तिने स्वतः सांगितलं.

परिणाम

गटाचं ते वर्ष गेलं. चौघींपैकी एकीच्या पालकांनी तिला दुसरीकडे घातलं आणि मी ते समजू शकले. रविवारचा जादा सराव बंद केल्यावर आणखी दोघी गेल्या. वर्गाच्या उत्पन्नावर परिणाम झाला, हॉलचं भाडं काढताना दोन महिने ओढाताण झाली.

सई त्या वर्षात आठ सेंटिमीटर वाढली. आज ती तेरा वर्षांची आहे आणि खेळते. पूर्वीची कमान तिच्या पाठीत आता नाही, मी ती मागतही नाही. चेंडूची रचना ती जशी करते तशी माझ्या वर्गात दुसरी कोणी करत नाही. भरतनाट्यम सोडायचं नाही, असं तिने स्वतः ठरवलं. जिम्नॅस्टिक्सचा एक दिवस कमी केला. तिच्या वडिलांनी मागच्या महिन्यात विचारलं, "त्या वर्षी उतरली असती तर निवड झाली असती का?" मी म्हणाले, "कदाचित झाली असती." ते मान हलवून गप्प राहिले.

वर्गात एक वही आली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उंची लिहितो. वजन लिहीत नाही, वजनकाटा हॉलमधून काढून टाकला. एखादीची उंची झपाट्याने वाढायला लागली की तिच्या उड्या आणि मागे वाकणं आपोआप कमी होतं, तिने काही म्हणायच्या आधी. वरून दाबून स्ट्रेच करणं पूर्ण बंद आहे. हात लावून सुधारायचं असेल तर विचारून, आणि मुलगी 'नको' म्हणाली तर कारण विचारायचं नाही. गटात पाचांसाठी सहा जणी शिकतात आणि प्रत्येक महिन्यात जागा बदलतात, त्यामुळे राखीव अशी कोणी एक उरत नाही.

सरावाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलगी कुठे दुखतंय ते आणि दहापैकी आकडा सांगते. पहिले सहा आठवडे सगळ्या शून्य म्हणायच्या. मग एका मंगळवारी नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "टाच. चार." टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागी ओढ बसली होती. या वयात उड्या मारणाऱ्या मुलांत ती अनेकदा दिसते. तीन आठवडे उड्या बंद केल्या आणि ती बरी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

ओव्हरस्प्लिटच्या आधी उंची मोजली असती तर जुलैतच कळलं असतं. 'सगळ्यांच्याच पाठी दुखतायत' हे खरं असेल तर ते सईला गप्प करायचं कारण नव्हतं, सराव थांबवायचं होतं. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा राहिला: मग दुखतंय कशामुळे? लहान खेळाडूची कंबर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखली, मागे वाकताना दुखली, तर एक्स-रेवर थांबू नका, हे मी आता प्रत्येक पालकाला सांगते.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. स्प्रिंगची जमीन माझ्या आवाक्यात नाही. जाड चटया घेतल्या, पण त्या फरशीवर सरकतात आणि फिरकीला अडथळा होतो, म्हणून उड्यांचा कोपरा वेगळा केला. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या महिन्यात मुली दिवसा दोन-दोन तास नाच बसवतात, आणि ते तास आमच्यापर्यंत अजून पोचत नाहीत.

जूनमध्ये नवीन मुलींचे अर्ज येतात. अर्जात आता एक रकाना वाढवला आहे: मुलगी आणखी काय शिकते, आठवड्यातून किती तास, आणि तिथल्या शिक्षकांचा फोन नंबर. अर्ध्याहून जास्त पालक तो रिकामा सोडतात. मग मी त्यांना फोन करून विचारते.